दार उघडं टाकणारी बाई

अहिल्याबाईंनी वर्तमानपत्राची शेवटची पट्टी खळीत बुडवली, दोन बोटांनी निथळवली आणि खिडकीच्या फटीवर अशी दाबून बसवली, की दिल्लीच्या थंडीची पुन्हा त्या वाटेने यायची छाती होऊ नये. मग स्टुलावरून उतरून त्यांनी फटीसमोर तळवा धरला. एक कोपरा सुटला होता, तो अंगठ्याने चेपला आणि पुन्हा तळवा धरून पाहिला.

"बघ, आता कशी झाली खोली," त्या लेकीला म्हणाल्या. "नाहीतर नुसती चाळणी होती मेली."

वृंदा चारपाईवर उशीला टेकून मुलीला पाजत होती. डोक्याला फडकं, कानात कापूस, अंगात नवऱ्याचा स्वेटर. कागदाने झाकलेल्या खिडकीकडे ती जरा वेळ बघत राहिली.

"उजेड गेला गं सगळा."

"उजेडाने दूध येतं का? बाळंतिणीला ऊब लागते, ऊब."

खरं तर हे बाळंतपण कऱ्हाडला व्हायचं. पण डॉक्टरीणबाईंनी वृंदाला प्रवासाची सक्त मनाई केली, तेव्हा माहेरच डिंकाचे डबे, अळीव आणि जुन्या लुगड्यांची बोचकी घेऊन रेल्वेने दिल्लीला आलं, आर. के. पुरमच्या सरकारी क्वार्टरमध्ये उतरलं आणि दुसऱ्या दिवसापासून घराचा ताबा घेऊन बसलं. लग्नाला नऊ वर्षं झाल्यावर झालेली ही पोर. तिच्यासाठी जावयाने, श्रीरंगने, मुनिरक्याहून सुतळीची चारपाई आणली, वखारीतून कोळसा आणला, जे जे सासूबाई म्हणतील ते ते आणलं. अहिल्याबाईंना हे फार सुखाचं होतं. कऱ्हाडला पुतण्याच्या घरी त्यांना कुणी काही कमी करत नसे, आणि कुणी काही विचारतही नसे. भाजीत मीठ किती घालू, एवढंसुद्धा नाही. इथे मात्र सकाळी उठल्यापासून 'आई, हे कसं?' आणि 'आई, ते कुठे?' त्या वरवर वैतागत आणि आतून हरखून जात.

त्यातही शेक म्हणजे त्यांचा प्रांत. गल्लीतल्या निम्म्या लेकीसुनांची बाळंतपणं त्यांनी काढली होती. सकाळी बाल्कनीत शेगडी पेटवायची, धूर पुरता जाऊन निखारे लालबुंद होईपर्यंत थांबायचं, मगच ती आत आणायची. धूर गेला की शेगडी निर्धोक, हा त्यांचा आयुष्यभराचा अनुभव होता. मग तेल, ऊन पाण्याची आंघोळ, बाळाला ओव्याची धुरी, आणि मायलेकींना बाजेवर निजवून खालून शेक. कऱ्हाडच्या कौलारू घरात हे करताना कधी कुणाचं डोकंसुद्धा दुखलं नव्हतं.

पहिल्याच दिवशी वृंदा म्हणाली होती, "आई, शेगडी आत असली की खिडकी थोडी किलकिली ठेवू या का? इथे हिवाळ्यात पेपरात काय काय येतं, बंद खोलीत अंगीठी ठेवून..."

झालं. अहिल्याबाईंनी शेगडी उचलली, बाल्कनीत नेऊन आदळली आणि भिंतीकडे तोंड करून बसल्या.

"मला शिकव आता तू. पेपर वाचून बाळंतपणं कर. श्रीरंगरावांना सांग, उद्याचं तिकीट काढा म्हणावं म्हातारीचं."

वृंदा ओली बाळंतीण. तिच्या डोळ्यांना पाणी आलं, ते पाहून अहिल्याबाईंच्याही. शेगडी पुन्हा आत आली, खिडकी बंदच राहिली, आणि वृंदाने तो विषय परत काढला नाही. आपलं म्हणणं लेकीला पटलं, याचं त्यांना बरं वाटलं.

आता या सगळ्या आखीव कारभारात एकच खोट होती, आणि ती समोरच्या दारात राहत होती. विजयालक्ष्मी. चाळिशी उलटलेली, मद्रासकडची. नवरा कुठल्याशा मंत्रालयात, मुलं कॉलेजात. शेगडी आत गेली रे गेली, की ही बाई हजर. ओले केस, कपाळाला विभूती, आणि "अम्मा, नमस्ते" म्हणून सरळ आत. आली ती आली. येताना बाहेरचं दार सताड उघडं टाकायची, खोलीच्या दाराला स्टूल लावून त्यावरच बसायची, आणि मध्येच पाणी प्यायच्या निमित्ताने उठून स्वयंपाकघराची खिडकीही उघडून यायची. खोलीची ऊब सगळी जिन्यावर.

"बाई, दरवाजा बंद करो," अहिल्याबाई त्यांच्या हिंदीत सांगत. "बच्ची को सर्दी होएगी."

"हां हां, अम्मा," ती हसून म्हणायची आणि ढिम्म हलायची नाही. कधी तिचं दूध चुलीवर असायचं आणि ते उतू गेल्याचं ऐकू यायला हवं असायचं, कधी पोस्टमन यायचा असायचा, कधी तिलाच कोंडल्यासारखं व्हायचं. रोज नवीन कारण. अहिल्याबाई उठून दार लोटत, की हिने पुन्हा उघडलंच. शेक संपून शेगडी बाहेर गेली की मात्र बाईसाहेबांना दूध आठवायचं आणि ती निघून जायची.

"काय बाई आहे गं! हिला घरात काही काम नाही का?" अहिल्याबाई तिच्यादेखतच म्हणत. मराठीत बोललेलं तिला काय कळतंय! "लोकाच्या घरात येऊन दार उघडं टाकायचं, ही कुठली रीत? आणि पोरीकडे कशी टक लावून बघते, दृष्ट लावेल मेली. वृंदे, तू का नाही सांगत तिला?"

"जाऊ दे ना आई," वृंदा बाळाचं दुपटं सारखं करत म्हणे. "एकट्या असतात त्या."

तरी अहिल्याबाई रोज न चुकता मीठमोहऱ्यांनी नातीची दृष्ट काढत.

त्या दिवशी मात्र भलतंच धुकं पडलं. बाल्कनीतून समोरची इमारत दिसेना. श्रीरंग मफलर गुंडाळून ऑफिसला गेला, शेगडी रसरशीत फुलली, आंघोळी झाल्या, तरी समोरचं दार बंदच.

"विजयाक्का आल्या नाहीत?" वृंदाने विचारलं.

"गेली असेल कुठे उंडारायला. एक दिवस तरी मला सुखाने शेक देऊ दे."

"काल म्हणाल्या होत्या, मलै मंदिरात पूजा आहे म्हणून. पण वेळेवर येते म्हणाल्या होत्या." वृंदाने दाराकडे पाहिलं. "आई, आज शेक राहू दे ना."

"राहू दे? असल्या थंडीत? कंबर धरली म्हणजे जन्माचं दुखणं. मुकाट्याने नीज."

वृंदाने काहीतरी बोलायला तोंड उघडलं. मग आईच्या चेहऱ्याकडे पाहिलं आणि ती आडवी झाली.

"बरं. पण थोडाच वेळ हं."

अहिल्याबाईंनी मोठ्या समाधानाने बाहेरचं दार ओढून घेतलं. ते आपोआप लागायचं. मग खोलीचं दार लावलं, त्याच्या खालच्या फटीत जुनं लुगडं कोंबलं, शेगडी चारपाईखाली सरकवली आणि त्या भिंतीला टेकून बसल्या. आज कशी खरी ऊब धरली होती खोलीने! कऱ्हाडच्या गप्पा निघाल्या. बारशाला कुणाला बोलवायचं, घुगऱ्या किती भिजत घालायच्या. वृंदा हूं म्हणत होती. मग नुसतीच मान हलवू लागली. मग तीही थांबली. छान डोळा लागला पोरीचा, अहिल्याबाई मनाशी म्हणाल्या. त्यांचंही डोकं जड झालं होतं. रात्रीची जाग्रणं, दुसरं काय. जरा सुंठ उगाळून लावावी. पण उठावंसं वाटेना.

मग त्यांच्या ध्यानात आलं, की बाळ रडलेलं नाही. दुधाची वेळ होऊन गेली होती. भूक लागली की सगळा मजला डोक्यावर घेणारी पोर, आज कूं नाही की चूं नाही.

"वृंदे," त्यांनी हाक मारली. वृंदाने डोळे उघडले नाहीत.

अहिल्याबाई उठायला गेल्या आणि पाय दुमडून खाली बसल्या. अंगातलं बळच कुणी काढून घेतलं होतं. काहीतरी भयंकर चाललं आहे एवढंच त्यांना कळत होतं. काय, ते कळत नव्हतं. धूर तर कुठेच नव्हता! त्या दाराकडे सरकत गेल्या. खालचं लुगडं त्यांनीच असं घट्ट ठोकून बसवलं होतं, की आता ते त्यांच्याच हाताने निघेना. त्या त्याचं टोक धरून ओढत होत्या आणि बोटं सुटत होती. देवा, माझी पोर. देवा, माझी पोर. तोंडाने तेवढंच येत होतं, आणि तेही आवाजाशिवाय.

बाहेर कुणीतरी दार ठोठावलं. पुन्हा ठोठावलं. "वृंदा! अम्मा!" मग कुलपात किल्ली फिरल्याचा आवाज आला, धावती पावलं आली, आणि खोलीचं दार लुगड्यासकट आत रेटलं गेलं. गार वारा अहिल्याबाईंच्या तोंडावर आला. आयुष्यात कुठला वारा त्यांना इतका गोड लागला नव्हता.

विजयालक्ष्मीने एक शब्द विचारला नाही. बाळाला उचलून बाल्कनीत नेलं, तोंडावर फुंकर घातली, तळपायांवर टिचक्या मारल्या. आत येऊन एका हाताने शेगडी बाहेर ओढली, मुठीने खिडकीचे कागद टराटरा फाडले, वृंदाला काखेत हात घालून उठवलं, हलवलं, गालावर मारलं. "वृंदा, आँख खोलो! खोलो!" जिन्यावरून आणखी दोन बायका धावत आल्या, एकीने बाल्कनीतल्या बाळाला उचलून घेतलं. अहिल्याबाई उंबऱ्यावर पडल्या पडल्या बाल्कनीकडे बघत होत्या. बाळ गप्प होतं. अजून गप्प होतं. मग एकदम ते आक्रसलं आणि असं रडलं, असं रडलं, की अहिल्याबाईंनी तिथेच जमिनीवर डोकं टेकलं.

दुपारी धुकं विरलं आणि ऊन पडलं. दवाखान्यातले डॉक्टर येऊन तिघींना तपासून गेले होते. त्यांनी अहिल्याबाईंना नीट समजावून सांगितलं, की निखाऱ्यांमधून एक विषारी हवा निघते, तिला रंग नसतो, वास नसतो. तिला जायला वाट नसली की झोपेतच सगळं आटोपतं. तुमचं नशीब थोर म्हणून वेळेवर दार उघडलं. आता उन्हात बसा, मोकळ्या हवेत, आणि बाळ दूध प्यायचं थांबलं तर ताबडतोब हॉस्पिटल गाठा.

बाळ मात्र दूध पिऊन झोपलं होतं. खालच्या हिरवळीवर शेजाऱ्यांनी सतरंज्या टाकल्या, कुणी रजाई आणली, कुणी चहाचा थर्मास. वृंदा बाळाला कुशीत घेऊन उन्हात निजली होती, डोक्याचं फडकं सुटलं होतं आणि कानातला कापूस कधीच पडला होता. अहिल्याबाईंनी तो परत घातला नाही. त्या जरा बाजूला, हातपाय आवळून बसल्या होत्या. आपल्या हातून काय झालं असतं, ते एव्हाना त्यांना पुरतं कळलं होतं. संध्याकाळी जावई येतील, ऐकतील, आणि तिकीट काढतील. काढावंच. त्यांच्या जागी आपण असतो तर आपणही काढलं असतं.

विजयालक्ष्मी त्यांच्याशेजारी येऊन बसली. रेशमी साडी चिखलाने माखलेली होती.

"आज मेरा गलती, अम्मा. धुंद में बस नहीं मिला. मंदिर से पैदल भागा."

अहिल्याबाईंनी तिच्याकडे पाहिलं. आणि त्यांच्या ध्यानात आलं.

"किल्ली," त्या म्हणाल्या. "चाबी. हमारे घर का चाबी तुमको कौन दिया?"

विजयालक्ष्मीने निजलेल्या वृंदाकडे पाहिलं. सांगावं की न सांगावं, असं तिचं झालं.

"वृंदा दिया," ती हळूच म्हणाली. "आपका अंगीठी पहला बार अंदर आया, उस दिन. बोली, अक्का, सेंक के टाइम आप रोज आना. दरवाजा खुला रखना. अम्मा कुछ भी बोलेगी, आप बैठना."

"मुझको क्यों नहीं बोली?"

"बोली थी ना. आप टिकट माँगा."

अहिल्याबाईंची नजर निजलेल्या वृंदाकडे गेली.

"मैं बोला, अपने पति को बोलो," विजयालक्ष्मी म्हणाली. "वो बोली, नहीं. वो अंगीठी फेंक देंगे, अम्मा का मन टूटेगा, अम्मा चली जाएगी. रोने लगी. बोली, मुझे अम्मा भी चाहिए, हवा भी चाहिए."

समोर कुणीतरी वाळत घातलेल्या रजयांची बाजू पालटत होतं. अहिल्याबाईंनी पदर तोंडाला लावला. इतके दिवस त्यांना वाटत होतं, की त्या लेकीला सांभाळताहेत. आणि ही पोर, टाके ओले असताना, बाळ अंगावर असताना, चारपाईवर पडल्या पडल्या आईचा मान सांभाळत होती. आणि ही परकी बाई रोज येऊन शिव्या खात बसत होती.

"मैं तुमको क्या क्या बोली," त्या कशाबशा म्हणाल्या. "मेली बोली. दृष्ट लगाती, बोली."

"मुझे मराठी कहाँ आता है, अम्मा," विजयालक्ष्मी हसली. "थोडा थोडा चेहरे से समझता है, बस."

सतरंजीवर हालचाल झाली. वृंदा जागी झाली होती. तिने आधी बाळाच्या छातीवर हात ठेवून श्वास पाहिला, मग आईला शोधलं. विजयालक्ष्मी उठून बाळाचं दुपटं बदलायला लागली.

"आई, बरं वाटतंय ना तुला?"

"मला काय धाड भरलीय?"

नजर चुकवत वृंदाने विचारलं, "आई, दार कुणी उघडलं?"

विजयालक्ष्मीचे हात थांबले. अहिल्याबाईंनी लेकीकडे पाहिलं. केस विस्कटलेले, ओठ सुकलेले, आणि डोळ्यांत चक्क भीती. मरणाची नव्हे; ती तर येऊन गेली होती. आईला कळलं की काय, याची.

"कोण उघडणार?" अहिल्याबाई म्हणाल्या. "मीच उघडलं. ही बया ठोठावत होती ना कधीची! उघडलं नसतं तर दारच मोडलं असतं तिने."

वृंदाने डोळे मिटले आणि मोठा श्वास सोडला. विजयालक्ष्मी खाली मान घालून दुपट्याची गाठ मारत राहिली.

संध्याकाळी श्रीरंग आला, तेव्हा कुणी काही बोलायच्या आत अहिल्याबाईंनी त्याला बाल्कनीत बोलावलं आणि झालेलं सगळं सांगितलं. फटी बुजवल्या, लुगडं कोंबलं, सगळं. फक्त किल्लीचं सोडून.

"माझं चुकलं, श्रीरंगराव. तुम्ही म्हणाल तेव्हा मी निघते."

श्रीरंग धावत आत गेला, बायकोमुलीला बघून आला, आणि कठड्याला धरून उभा राहिला.

"मीही रोज त्या खोलीत येत होतो, आई," तो म्हणाला. "कागद चिकटवलेले बघत होतो. कोळसा मीच आणला. इतकी वर्षं दिल्लीत राहतो, पण माझ्याही डोक्यात आलं नाही." त्याने चष्मा काढून पुसला. "निघायचं काय बोलता? तुम्ही गेलात तर वृंदा जेवणारसुद्धा नाही. फक्त शेगडी नको."

"शेगडीचं नाव काढत नाही आता," अहिल्याबाई म्हणाल्या. "विटा तापवून फडक्यात बांधीन, तव्यावर पुरचुंडी शेकीन. शेक का एकाच तऱ्हेचा असतो?" आणि मग त्यांना रडू आवरेना.

दुसऱ्या दिवशी खोलीत ऊन आलं होतं. खिडकी चांगली हातभर उघडी होती, आणि अहिल्याबाई ओव्याची पुरचुंडी तव्यावर गरम करून वृंदाची कंबर शेकत होत्या. दार वाजलं.

वृंदा दचकली. शेगडी नाही, तेव्हा विजयाक्काने यायचं कारणच नव्हतं, आणि आता आई काय बोलेल कोण जाणे.

"आली बघ तुझी मैत्रीण!" अहिल्याबाई कडाडल्या. "कालच्याने भागलं नाही वाटतं!"

"असू दे गं आई," वृंदा म्हणाली. तिच्या आवाजात हसू होतं. आई होती तशीच होती, हे पाहून तिचा जीव भांड्यात पडला होता.

अहिल्याबाई पुरचुंडी वृंदाच्या हातात देऊन बाहेरच्या खोलीत गेल्या. "आता बसेल तासभर ठाण मांडून," त्या मोठ्याने म्हणाल्या. "दार उघडं टाकेल, घर गार करून ठेवेल!" त्यांनी दार उघडलं. समोर विजयालक्ष्मी वाटीत प्रसादाचा भात घेऊन उभी होती.

"या! पाय पुसा आधी! कुठकुठून फिरून येता आणि तशाच घरात शिरता," अहिल्याबाईंचा आवाज घरभर घुमत होता, आणि त्या वाकत होत्या. गुडघ्यावर एक हात टेकून, दुखऱ्या कमरेने, सावकाश. आपल्याहून पंधरावीस वर्षांनी लहान असलेल्या त्या बाईच्या दोन्ही पावलांना त्यांनी हात लावले आणि ते हात कपाळाला लावले.

विजयालक्ष्मी घाबरून मागे सरली. वाटी सांभाळत तिने एका हाताने त्यांना दंडाला धरून उठवायचा प्रयत्न केला. "अम्मा, अम्मा, ये क्या," ती पुटपुटली. अहिल्याबाईंनी ओठांवर बोट ठेवलं आणि आतल्या खोलीकडे मान केली. दोघींच्या डोळ्यांतून पाणी वाहत होतं.

"सकाळ नाही, दुपार नाही, जेव्हा बघावं तेव्हा ही आपली दारात!" अहिल्याबाई तिचा हात घट्ट धरून ओरडल्या.

"आई, अगं हळू बोल," आतून वृंदाने हाक दिली. "मराठी येत नसलं तरी कळतं हं त्यांना सगळं."

"कळू दे की," अहिल्याबाई म्हणाल्या. "सगळं कळू दे तिला."